पंचवीस ग्रॅमपुरतं

ईरा, नील, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं माझ्यावर हसलात. मी सिंकपाशी हात धुतले, ते वर धरून हवेत वाळवत फोनपाशी आले, तर नील म्हणाला, "आजी, ऑपरेशन करायला निघालीस का?" मग ईराने विचारलं, की बाहेर वडा खातेस तर पाव आणि चटणी का खात नाहीस. मी सांगायला सुरुवात केली तेवढ्यात तुमच्या आईने फोन घेतला आणि विषय बारगळला. म्हणून आता लिहून पाठवते आहे. मराठी अडलं तर आईला विचारा.

या दोन्ही सवयी माझ्या नाहीत. त्या मला एका माणसाने लावल्या. त्यांना आम्ही नुसतं "सर" म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मी प्रयत्न करते. पण मला वचन देता येणार नाही, कारण इतका वैताग मला आयुष्यात दुसऱ्या कोणी दिलेला नाही. यात तुमचे आजोबाही आले.

तुम्हाला माहीत आहे की मी नोकरी करत होते. काय करत होते ते बहुधा माहीत नाही. डोंबिवलीत मानपाड्याच्या अलीकडे, कारखान्यांच्या वसाहतीत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी प्रयोगशाळा होती. पनीर, मसाले, आइस्क्रीम, चटण्या, असं काय काय लोक तिथे पाठवायचे, आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू त्यात आहेत का ते आम्ही शोधायचो. सर आमचे प्रमुख. अहवालावर सही त्यांची. मी त्यांच्या खालोखाल. नोंदवह्या, लेबलं, कपाटं माझ्याकडे. मला प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते, हे तुम्ही सुट्टीत आलात की अनुभवताच.

हात वर धरून चालण्याची सवय सरांची. टॉवेलवर त्यांचा विश्वास नव्हता. हात धुतले की ते बोटं छताकडे करून आख्ख्या प्रयोगशाळेत फिरायचे आणि दारं कोपराने उघडायचे. हे प्रयोगशाळेपुरतं असतं तर मी काही बोलले नसते. पण तुमच्या आईच्या लग्नात जेवणाआधी हात धुऊन ते तसेच मांडवात हिंडले. व्याह्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तर सरांनी त्यांना कोपर दिलं. व्याही अजून विचारतात, "त्या गृहस्थांच्या हाताला काय झालं होतं हो?"

वड्याचंही त्यांचंच. बाहेरचं काही खायचं नाही असा उपदेश आम्हाला रोज, आणि स्वतः दुपारी चार वाजता नाक्यावरच्या गाडीपाशी हजर. कढईतून झाऱ्यावर आलेला वडा थेट त्यांच्या स्टीलच्या डबीत पडला पाहिजे. पाव नाही, चटणी नाही. गाडीवाला त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "काका आले रे! आता पाच मिनिटं कोणी चटणीला हात लावू नका, त्यांचं बीपी वाढतं!" सर शांतपणे म्हणायचे, "उकळत्या तेलावर माझा विश्वास आहे. तुझ्यावर नाही." तोही हसायचा. पंधरा वर्षं त्याने हे ऐकून घेतलं.

आणि त्यांचं ते बोलणं! आमच्या कामात तपासायला सबंध पदार्थ कधीच घेत नाहीत. त्यातला ठरलेला भाग, बहुधा पंचवीस ग्रॅम, घ्यायचा. त्यात जिवाणू सापडले नाहीत तर "आढळले नाहीत" असं लिहायचं. पदार्थ चांगला आहे, असं लिहायचं नाही, कारण आपण सगळा पदार्थ पाहिलेलाच नसतो. हे शास्त्राला धरूनच आहे. पण सरांनी ते संसारातही आणलं. वहिनी घरी आहेत का, असं विचारलं तर म्हणायचे, "मी निघालो तेव्हा होती." मुलगी बरी आहे ना? "फोनवर बरी वाटली." एकदा माझी पोळी-भाजी त्यांनी खाल्ली. म्हटलं, "सर, भाजी कशी झालीये?" दोन घास चावून त्यांनी विचार केला. "या दोन घासांपुरतं सांगतो. मीठ बरोबर आहे."

मी डबा बंद केला.

हेही मी चालवून घेतलं असतं. खरा छळ होता तो त्यांच्या खोटाड्या नमुन्यांचा.

आपण रोज तेच ते काम करत असलो की नजर सैल पडते. महिनोन् महिने काही सापडत नाही, आणि मग जे असतं तेही दिसेनासं होतं. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत मधूनच मुद्दाम जिवाणू घातलेला एक नमुना न सांगता बाकीच्यांत सरकवतात. तपासणाऱ्याने तो पकडला पाहिजे. पद्धत चांगलीच आहे. पण ती वर्षातून काही ठरावीक वेळा, लेखी वेळापत्रकाने करायची असते. सरांना वेळापत्रक मंजूर नव्हतं. लहर आली की ते करायचे. खोटं गिऱ्हाईक तयार करायचे, त्याचा पत्ता लिहायचे, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून नोंदवहीत डाव्या हाताने नोंद करायचे. माझ्या नोंदवहीत! आम्ही पकडलं की सगळ्यांसमोर टाळी वाजवून म्हणायचे, "पास!" साठीला आलेल्या बाईला शाळकरी मुलीसारखं "पास" म्हणायचं. आणि एखादीने नाही पकडलं, तर बिचारीला आठवडाभर "आजाऱ्यांची संख्या किती धरू?" असं विचारून रडवायचे.

मी मग त्यांच्यावरच पाळत ठेवली. दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं, की त्यांचे खोटे नमुने नेहमी गोड असतात. श्रीखंड, बासुंदी, खरवस, पेढे. सरांना मधुमेह होता, आणि वहिनींनी घरातून साखरेचा डबा हद्दपार केलेला होता. खायला मिळत नाही ते ते सर नमुना म्हणून आणायचे. शिवाय नमुने घेऊन नोंदवणारी प्रयोगशाळेतली मुलगी रजेवर असेल तोच दिवस निवडायचे, म्हणजे नोंद स्वतः करता यायची. आणि पत्ता सुचला नाही की डोंबिवलीशेजारच्या कोपर गावचा लिहायचे, कारण ते स्वतः कोपरला राहायचे. या तीन खुणा पटल्या की मी मनात म्हणायचे, आला सरांचा नमुना. माझी चूक इथून सुरू होते, आणि ती मी तुम्हाला जशीच्या तशी सांगणार आहे.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. एका सोमवारी नोंदवहीत नवी नोंद दिसली. डिंकाचे लाडू, बाळंतिणींसाठी. पत्ता, कोपर. मुलगी रजेवर, नोंद सरांच्या हातची. अक्षर त्यांचं नेहमीचंच होतं, पण मला वाटलं, आता डाव्या हाताचाही कंटाळा आला असेल.

ज्या जिवाणूंमुळे ताप आणि जुलाब होतात, आणि लहान बाळाच्या किंवा अशक्त माणसाच्या जिवावर बेतू शकतं, त्यांच्यातला एक म्हणजे साल्मोनेला. तो शोधायला दिवस लागतात. आधी त्याला खाऊ घालून वाढवायचं, मग बाकीच्यांतून वेगळा काढायचा, मग लाल खाद्य भरलेल्या चपट्या काचेच्या थाळीवर पसरायचा. गुरुवारी सकाळी मी लाडवांची थाळी उघडली. लाल थाळीवर काळ्या टिकल्या उगवल्या होत्या, अगदी पुस्तकात छापतात तशा.

नियम असा, की संशय आला की त्याच क्षणी सरांना सांगायचं. मी सांगितलं नाही. मला ते "पास" ऐकायचं नव्हतं. मी ठरवलं, पुढच्या खात्रीच्या चाचण्या मुकाट्याने पूर्ण करायच्या आणि सगळं एकदम त्यांच्यापुढे ठेवून म्हणायचं, सर, आता हे खेळ पुरे. थाळी मी कपाटात इतर थाळ्यांच्या मागे ठेवली. शुक्रवारी आमच्याकडे वसाहतीची सुट्टी. शनिवारी सकाळी चाचण्यांचा निकाल आला. साल्मोनेलाच. मी स्वच्छ अक्षरात कागद तयार केला. खरं सांगायचं तर मी खुशीत होते.

अकराच्या सुमाराला सर हात वर धरून आले. "त्या डिंकाच्या लाडवांचा कागद दे गं. बाई खाली येऊन बसल्यात."

मी हसले. "सर, ओळखलं. साल्मोनेला घातलात ना?"

"कशात?"

"लाडवांत."

त्यांचे हात खाली आले. इतक्या वर्षांत धुतलेले हात त्यांनी कशाला टेकवलेले मी पाहिले नव्हते. ते माझ्या टेबलावर टेकले. "मी काही घातलेलं नाही," ते म्हणाले. "कधी दिसलं?"

"गुरुवारी."

ते जिन्याने धडाधड खाली गेले, आणि मी मागोमाग.

खाली बाकावर एक चाळिशीची बाई बसली होती. कोपरच्या एका चाळीत ती घरीच लाडू करायची, नवरा रिक्षा चालवायचा. ठाण्याच्या एका प्रसूतिगृहाने तिला सांगितलं होतं, की तपासणीचा रिपोर्ट आणलात तर आमच्या सगळ्या बाळंतिणींना तुमचेच लाडू देऊ. आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर. सरांना बघून ती उठली.

"झाला ना साहेब? पाच दिवस बोललेलात, आज झाले की."

"लाडू कुठे आहेत?" सरांनी विचारलं.

"ते गेले ना सकाळीच. यांच्या रिक्षातून. मीच बोलले, तुम्ही डबे पोचवा, मी रिपोर्ट घेऊन मागून येते. पंचवीस डबे आहेत. का हो?"

सरांनी सांगितलं. एका वाक्यात, गोड न करता, त्यांच्या पद्धतीने. ती बाई माझ्याकडे बघायला लागली, की हा माणूस बोलतोय ते खरं का. मला मान हलवावी लागली.

"पण साहेब, मी तर केस बांधून करते. देवाशप्पथ!"

"केसांत नसतो तो. नवऱ्याला फोन लावा."

नवरा रिक्षा चालवताना फोन घेत नव्हता, आणि त्याबद्दल त्याला एरवी कोणीही शाबासकीच दिली असती. प्रसूतिगृहात फोन लावला. तिथल्या मुलीने "सिस्टर राउंडला आहेत, नंतर करा" म्हणून ठेवून दिला. पुन्हा लावला तर लागेना. आम्ही तिघं रिक्षात बसलो.

कल्याण-शीळ रस्ता तुम्ही पाहिला आहे. ईराने मागे विचारलं होतं, की हा रस्ता कधी पूर्ण होणार. अजून झालेला नाही. त्या दिवशी एका बाजूला खोदलेलं, दुसऱ्या बाजूला कंटेनर, आणि आमची रिक्षा मध्ये. ती बाई फोन लावत होती आणि रडत होती. सर पुढे वाकून रिक्षावाल्याला सांगत होते, "डावीकडून घे. डावीकडून!"

"काका, डावीकडे गटार आहे."

"मग उजवीकडून."

"उजवीकडे तुम्ही उतरून चाला, मी मागून येतो."

मी शेवटी म्हटलं, "सर, चूक माझी आहे. मी गुरुवारीच सांगायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तुला मी घातलाय असं वाटलं, ही चूक कोणाची?"



आम्ही पोचलो तेव्हा डबे वर गेलेले होते. बाळंतिणींच्या मोठ्या खोलीत एक नर्स ट्रॉलीवरून ते वाटत होती. सर दारातूनच ओरडले, "थांबा! कोणी लाडू खाऊ नका!" खोलीत आठ-दहा बाळं झोपलेली होती. ती सगळी एकदम उठली. एवढा आरडाओरडा मी जन्मात ऐकला नाही. नर्स संतापली, नातेवाईक उठून उभे राहिले, आणि सर त्या गोंधळातून हात वर धरून खाटेखाटेला डबे मागत फिरायला लागले. लाडूवाली बाई मागून पिशवी पसरत होती. आपल्याच हातचे लाडू परत मागायचे, आणि प्रत्येकीला कारण सांगायचं. तिने सांगितलं. "ताई, माझ्या लाडवात दोष निघालाय, द्या परत." प्रत्येक खाटेपाशी तेच. मला जमलं नसतं.

चोवीस डबे सीलबंद मिळाले. पंचविसावा एका आजीबाईंच्या मांडीवर उघडा होता.

"सुनेला द्यायच्या आधी चव बघितली हो मी," त्या म्हणाल्या. "अर्धाच खाल्ला. पण तुम्ही कोण?"

सरांनी त्यांचा फोन नंबर घेतला आणि तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. सुनेने आणि बाळाने काही खाल्लेलं नव्हतं. पुढचे आठ दिवस सर रोज सकाळी माझ्यासमोर बसून आजीबाईंना फोन करायचे. ताप? पोटात कळ? किती वेळा जाऊन आलात? पाचव्या दिवशी आजीबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "अहो, मला काहीसुद्धा झालेलं नाही! तुमचा फोन वाजला की मात्र पोटात कळ येते!" सरांनी वहीत लिहिलं, आजअखेर लक्षणे नाहीत.

परत आणलेले लाडू आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये घातले. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर, जिवाणू मारण्यासाठी. सगळ्या मजल्यावर तुपाचा, जायफळाचा, डिंकाचा वास दरवळत होता, आणि ती बाई दाराशी उभी राहून तो घेत होती. कोणीही दुसरा माणूस असता तर दोन शब्द बरे बोलला असता. सर म्हणाले, "तुमचा दोष नाही, असं आत्ता मी म्हणू शकत नाही. मी पाहिलेलं नाही. उद्या घरी येतो."

रविवारी ते खरोखर तिच्या चाळीत गेले आणि मलाही ओढून नेलं. पाणी, परात, खारीक, खोबरं, तिचे हात, सगळ्याचे नमुने घेतले. पाच दिवसांनी कळलं, दोष किसलेल्या खोबऱ्याच्या विकतच्या पाकिटात होता. ती बाकी सगळं तुपात खमंग भाजायची, पण खोबरं मात्र कच्चंच शेवटी मिसळायची. का? तर प्रसूतिगृहाच्या मॅनेजरने सांगितलं होतं, की लाडू फार काळपट दिसतात, जरा उजळ करा. सरांनी हे ऐकून कपाळाला हात लावला आणि मग लगेच उठून तो हात धुतला.

तिला ते म्हणाले, "पाकीट बंद. अख्खी वाटी आणा, घरी किसा, लालसर भाजा. लाडू काळे दिसू द्या. मॅनेजरशी मी बोलतो." मॅनेजरशी ते काय बोलले मला माहीत नाही, पण नवा रिपोर्ट येईपर्यंत ऑर्डर दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, हे त्याने कबूल केलं.

चुकांच्या नोंदवहीवरून आमचं भांडण झालं ते वेगळंच. प्रत्येक चूक आम्ही तिच्यात कारणासकट लिहायचो. मी माझं नाव लिहिलं. सरांनी ते खोडून स्वतःचं लिहिलं. नोंदवहीत खाडाखोड! मी नवी ओळ घालून पुन्हा माझं लिहिलं. त्यांनी खाली लिहिलं, "वरील बाईंचे ऐकू नये." अजून ते पान तिथे असेल. तपासनीस आले की मला घाम फुटायचा.

मी त्यांना सांगितलं, यापुढे खोटा नमुना घालायचा असेल, तर त्याच दिवशी बंद पाकिटात तसं लिहून ते माझ्या कपाटात ठेवायचं. निकाल लागल्यावर मी उघडीन. ते लगेच कबूल झाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दर सोमवारी कपाटात एक पाकीट येऊ लागलं. न चुकता, दर सोमवारी. उघडून बघावं तर कधी आत नमुन्याचा नंबर, आणि बहुतेक वेळा कोरा कागद. मी भांडले. ते म्हणाले, "मग आता काय करशील? काळी टिकली दिसली की काय समजशील?"

"खरी समजेन! दुसरं काय करणार?"

"पास," ते म्हणाले.

मला पाकिटं त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटली. मी ती तारखेप्रमाणे लावून ठेवली.

लाडवांचा दुसरा नमुना आला तेव्हा मीच तो पहिल्यापासून शेवटपर्यंत केला, आणि काय दिसलं ते रोज सकाळी उभ्या उभ्या सरांना सांगितलं. सहाव्या दिवशी सरांनी सही केली. आढळले नाहीत. बाई कागद घ्यायला आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा डबा होता.

"साहेब, आता तरी एक घ्या. पहिलाच तुमचा."

मी म्हटलं, "अगं, त्यांना साखर चालत नाही. आणि तपासलेल्या जिनसाला ते कधी तोंड लावत नाहीत." हे खरंच होतं. इतक्या वर्षांत पेढ्यांचे खोकेच्या खोके आले आणि गेले, त्यांनी एक उचलला नाही.

सर बेसिनपाशी गेले. हात धुतले, वर धरले, कोपराने दार उघडून जिन्यात गेले, कारण प्रयोगशाळेत खायचं नाही हा त्यांचाच नियम. आम्ही दोघी मागे गेलो. हात वाळेपर्यंत आम्हाला तिथे उभं राहावं लागलं. मग त्यांनी तो काळपट लाडू उचलला आणि डोळे मिटून सगळा खाल्ला. बाई श्वास धरून उभी होती.

"कसा झालाय साहेब?"

त्यांनी विचार केला. "या एका लाडवापुरतं सांगतो. चांगला आहे."

बाईचा चेहरा जरासा पडला. मला इतका राग आला, की एवढी धावाधाव करून त्या बिचारीला एक सरळ शब्द देता येऊ नये. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सरांनी डब्याकडे पुन्हा हात पुढे केला.

"नमुना अपुरा आहे," ते म्हणाले. "अजून एक द्या."